आता हेच मराठीत सांग, बावा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावचा. गावच्या पंचायतीत संगणक परिचालक आहे. दाखले काढणे, अर्ज भरणे, नोटिसा टाईप करणे आणि ग्रामसभेत त्या वाचून दाखवणे, ही माझी कामं. कामाला लागल्यापासून 'सदर', 'उपरोक्त', 'विहित मुदतीत' असे शब्द माझ्या तोंडात बसले. आधी त्याचं कौतुक वाटायचं, आता फजिती होऊन राहिली आहे. पारावरच्या पोट्ट्यांनी नियमच केला की मी लांब शब्द बोललो तर सगळ्यांच्या चहाचे पैसे माझे. लांबूनच ओरडतात, 'सदर चाय घेतं काय बे, साहेब?'

मागच्या ग्रामसभेत मी ई-केवायसीची नोटीस वाचली. वाचून झाली तर माझे आबाजी सगळ्यांसमोर उठले अन् म्हणाले, 'हे तं झालं, आता हेच मराठीत सांग, बावा.' सारी सभा हसली. त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या बाजूनं, पंचायत समितीत फोनवर मी 'यादी पाठवून राहिलो' म्हटलं तर तिथले एक साहेब म्हणाले, 'आधी शुद्ध बोलायला शिक.'

पुढच्या महिन्यात सोयरिकीसाठी पुण्याहून पाहुणे येणार आहेत. मुलगी तिकडेच वाढलेली. माय म्हणते, त्यांच्यापुढं 'काहून', 'कुठी' काढू नको. ताई, मी गावात साहेब अन् बाहेर अडाणी. मी नेमकं बोलू कसं? पोट्ट्यांना उत्तर काय देऊ? हेच पोट्टे सोंगणीला मेळघाटातून आलेल्या मजुरांच्या मराठीचीही नक्कल करतात, तिथं माझी काय गत?

नाव छापू नका. गावात सगळे वाचतात.

तुमचा एक वाचक

भाऊ,

सुरुवात आबाजींपासून करते. त्यांनी तुझी फजिती केली असं तुला वाटतं. मला तर वाटतं, त्या सभेत तुझी नोटीस मन लावून ऐकणारा तो एक माणूस होता. बाकीच्यांनी माना हलवल्या असतील आणि घरी जाताना शेजाऱ्याला विचारलं असेल, 'काय म्हणे तो पोट्टा?' आबाजींनी तेच तिथं, सगळ्यांच्या वतीनं, तुलाच विचारलं. आपल्या नातवाला हे सांगता येईल असा भरवसा असल्याशिवाय म्हातारा माणूस भर सभेत उठून असं म्हणत नाही. त्यांचा प्रश्न अपमान म्हणून घेऊ नको, काम म्हणून घे. जेवण सोडण्यासारखं त्यात काही नाही.

आता ती नोटीसच समोर घेऊ. तू मजकूर लिहिला नाहीस, पण अशा नोटिसांचा साचा ठरलेला असतो : 'ज्या लाभार्थ्यांचे ई-केवायसी प्रलंबित आहे त्यांनी आवश्यक दस्तऐवजांसह विहित मुदतीत सदर कार्यालयाशी संपर्क साधावा, अन्यथा अनुज्ञेय लाभापासून वंचित राहिल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी संबंधितांची राहील.'

हे आबाजींच्या जागी बसून ऐक. आवश्यक दस्तऐवज म्हणजे कोणते? आधार आणि पासबुक पुरे, की सातबाराही लागतो? विहित मुदत म्हणजे कोणती तारीख? सदर कार्यालय म्हणजे आपली पंचायत, तहसील, की कृषी कार्यालय? अनुज्ञेय लाभ म्हणजे कशाचे पैसे? एवढ्या लांब वाक्यात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. आणि शब्द भारदस्त असल्यामुळं उत्तर नाही हे वाचणाऱ्याच्याही लक्षात येत नाही, ऐकणाऱ्याच्याही नाही. माझा राग लांबीवर नाही. आत काही नसताना भरल्यासारखं दाखवणाऱ्या शब्दांवर आहे. 'विहित' हा शब्द तुला येतो म्हणून तारीखही माहीत आहे असं तुला वाटून गेलं असणार. तेच वाक्य आपल्या बोलीत म्हणायला गेला असतास तर 'कधीपर्यंत?' इथं जीभ अडली असती आणि तू वरच्या कार्यालयात फोन करून तारीख विचारली असतीस.

म्हणून माझा पहिला सल्ला हा. नोटीस आली की सभेच्या आदल्या रात्री ती आबाजींना सांगून पाहा. वाचून दाखवू नको, सांग. ते जिथं 'म्हंजे?' म्हणतील तिथं खूण कर. त्या खुणांची उत्तरं सकाळी फोन करून मिळव. सभेत मूळ मजकूर आधी जसाच्या तसा वाच, कारण तो कागद आहे, त्यातला शब्द आपण फिरवायचा नाही. मग कागद खाली ठेव आणि लोकांकडं पाहून सांग : 'ज्याइचं केवायसी राह्यलं, त्याइनं आधार कार्ड अन् बँकेचं पासबुक घेऊन सोमवारच्या आत आपल्या पंचायतीत या. नाई आले तं पुढचे पैसे येनार नाई. कोनाले काही इचारायचं असंल तं आताच इचारा.' शेवटचं वाक्य विसरू नको. सभा तिथूनच सुरू होते.

तू ज्या भागात राहतोस तिथल्या माणसाला साध्या बोलण्याची ताकद बाहेरून शिकवायची गरज नाही. गाडगेबाबा तुमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. पूर्णेकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत त्यांनी घाट झाडला. शाळा त्यांना मिळाली नव्हती आणि आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यांच्या कीर्तनाची रीत आठव. ते समोरच्याला प्रश्न विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. असं करत करत कर्ज काढून सण करणं, दारू, देवापुढं कोंबडं-बकरं कापणं, पोरांना शाळेत न घालणं, सगळं लोकांच्याच तोंडून बाहेर यायचं. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. ते ऐक. समोर मुंबईचे पोलीस बसलेत आणि बाबा आपल्या वऱ्हाडीतच बोलतात. मुंबई आहे म्हणून जीभ बदललेली नाही, आणि ऐकणाऱ्याला कळलं नाही असंही झालेलं नाही. तुझ्या ग्रामसभेसाठी यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

आता याची दुसरी बाजूही सांगते, कारण पारावरचे पोट्टे 'लांब शब्द म्हणजे फोकनाड', म्हणजे पोकळ बाता, असं धरून चालले असतील आणि ते खरं नाही. काही लांब शब्द माणसाच्या पोटाशी बांधलेले असतात.

पीक विम्याचं घे. २०२४ च्या खरिपापर्यंत आपल्या राज्यात त्यात 'स्थानिक नैसर्गिक आपत्ती' आणि 'काढणीपश्चात नुकसान' असे वेगळे प्रकार होते. उभ्या पिकात पाणी साचलं तर पहिला. सोंगून वावरात सुकायला टाकलेलं सोयाबीन चौदा दिवसांच्या आत अवकाळी पावसानं भिजलं तर दुसरा. दोन्हींत ७२ तासांच्या आत कळवायचं. शेतकरी तुला येऊन एवढंच म्हणेल, 'सोयाबीन भिजलं.' उभं भिजलं की सोंगल्यावर, हे तुलाच विचारावं लागतं आणि कागदावर नेमका तोच शब्द टाकावा लागतो, नाहीतर दावा अडकतो. तिथं 'काढणीपश्चात' लिहायला लाजायचं कारण नाही. योजनेचे नियम पुढं बदलले, आणखी बदलतील, पण अर्जातला शब्द आणि वावरातली गोष्ट यांची गाठ घालून देणारा माणूस गावाला लागतच राहील. तो आज तू आहेस.

पावसाचं तर फारच बोलकं आहे. आपण म्हणतो, 'झड लागली.' आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, बोंडं सडतात, सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटतात. सरकारी शब्द आहे 'अतिवृष्टी', आणि त्याला माप आहे : महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. झडीत एका दिवसाचा पाऊस अनेकदा तिथवर पोहोचतच नाही. पीक गेलेलं असतं आणि कागदावर अतिवृष्टी झालेलीच नसते. 'झड' या शब्दात जे नुकसान मावतं ते 'अतिवृष्टी'त मावत नव्हतं. २०२३ साली राज्य मंत्रिमंडळानं 'सततचा पाऊस' हीसुद्धा आपत्ती मानायचं ठरवलं. शब्द पाहा किती साधे आहेत. आबाजींना ते मराठीत सांगावे लागणार नाहीत. गावच्या बोलीत ठेवलेला फरक कारभारात यायला किती काळ लागतो, हे त्यातून दिसतं. म्हणून म्हणते, गावाचे शब्द खाली टाकू नको. 'धुरा' म्हणजे शेताचा बांध, 'उलंगवाडी' म्हणजे कापसाचा हंगाम संपणं, 'डवरणी' म्हणजे डवऱ्यानं केलेली कोळपणी, 'ओलीत' म्हणजे पाणी देऊन केलेली शेती, यांत नेमकेपणा आहे. खरेदीखतात 'चतुःसीमा' असा रकाना आला की म्हाताऱ्याला 'चारी धुरे कोना-कोनाचे?' असं विचार. तो एका दमात पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर सांगेल, वर कोणाचा धुरा कोणत्या साली सरकला तेही सांगेल.

लांब शब्दांची थट्टा काही आजची नाही. चक्रधरांच्या महानुभाव पंथातली गोष्ट आहे. केशिराज आणि पंडित हे दोघं संस्कृतात मुरलेले. त्यांनी चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांना संस्कृतातून प्रश्न केले, तर आचार्यांनी सरळ सांगितलं की तुमचं ते अस्मात् कस्मात् मला कळत नाही, मला चक्रधरांनी मराठीत सांगितलं आहे, मराठीतच विचारा. तुझ्या आबाजींनी सभेत जे म्हटलं ते जवळपास हेच. सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटानं लीळाचरित्र मराठीत लिहिलं ते रिद्धपूरला, तुझ्याच जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. अमरावती जिल्ह्याच्या माणसानं आपली बोली खालची मानावी याला काही आधारच नाही, बावा.

अलीकडचंही सांगते. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर सरकारी हुद्द्यांना मराठी नावं द्यायला पदनाम कोश निघाला, तर आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून झोडपलं. रेल्वेच्या सिग्नलला 'अग्निरथगमनागमनसूचक' अमुक पट्टिका म्हणायची जुनी थट्टा तुझ्या शाळेतही झाली असेल. पण यातही एक गंमत आहे. एकेकाळी नवे, जड वाटलेले कितीतरी शब्द आज आपण सहज बोलतो. 'दिनांक' हा सावरकरांनी रुळवलेला शब्द. तुझ्या प्रत्येक नोटिशीवर तो असतो आणि त्यावर कोणी चहा मागत नाही. उलट गावात 'गटविकास अधिकारी' हे फलकावर राहिलं आणि तोंडात 'बीडीओ' बसलं. तलाठ्याचं तर बघ. २०२४ साली त्याचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' झालं. आपल्याकडं लोक अजून 'तलाठी'वरच आलेले नाहीत, 'पटवारी'च म्हणतात, कारण १९५६ पर्यंत आपण नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होतो आणि तिथं तो पटवारीच होता. लोकांना जो शब्द कामाला येतो तो लोक ठेवतात. तू दाखल्यावर 'ग्राम महसूल अधिकारी' लिही आणि तोंडानं 'पटवाऱ्याची सही आना' म्हण. यात दोन तोंडं असल्यासारखं काही नाही.

आता पोट्टे. त्यांच्यावर चिडू नको. तुझ्या पत्रावरून तरी मला त्यात आकस दिसत नाही. ज्याच्यावर आकस असतो त्याला पारावर कोणी 'बे' म्हणत नाही, त्याच्याशी लोक 'तुम्ही-आम्ही' करतात आणि तो आला की विषय बदलतात. तू अजून त्यांच्यातला आहेस, तसाच राहावास, म्हणून ही खेचाखेची आहे. तुला उत्तर हवं आहे तर खेळातच दे. त्यांना सांग, नियम मान्य, पण अर्धा. मी लांब शब्द बोललो तर चहा माझा. पण त्याच शब्दाला आपल्या गावचा शब्द तुमच्यातल्या कोणाला सांगता आला नाही, तर चहा तुमचा. 'प्रलंबित'ला काय म्हणता? 'राह्यलं.' 'अनुज्ञेय'ला? 'मिळते ते.' 'अन्यथा'ला? 'नाई तं.' इथवर ते सहज जिंकतील. मग त्यांना 'वारस फेरफार' विचार, 'भोगवटादार वर्ग २' विचार. तिथं घोळ होईल, कारण तो शब्दांचा नाही, मालकीचाच जांगडगुत्ता आहे : वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. कोणाच्या तरी घरी अशी जमीन असणारच, आणि चहा घेता घेता त्याला हे कळेल.

त्यांच्या तोंडचे 'भैताड', 'फोकनाड', 'जांगडगुत्ता' हे शब्द तूही बोल. पारावर 'उपरोक्त' जसं विचित्र, तसं पारावर मुद्दाम पुस्तकी बोलणंही विचित्र. दोस्तांत दोस्तांसारखं बोलायचं. फक्त एक बघ. म्हाताऱ्या बाईचं काम घेऊन कोणी खिडकीशी उभं असेल तेव्हा मागून पोट्ट्यांनी आवाज दिला तरी 'बे'नं उत्तर देऊ नको. तिला वाटेल तिचंच हसं चाललं आहे.

मेळघाटच्या मजुरांबद्दल तू जाता जाता लिहिलंस, पण मी तिथं थांबले. ती मला नुसती थट्टा वाटत नाही. धारणी-चिखलदऱ्याकडून सोंगणीला, कापूस वेचायला येणारे बरेच लोक कोरकू बोलतात. ती मराठीची बोली नाही, तिचं कूळच निराळं, मुंडा भाषांचं. म्हणजे घरी कोरकू, बाजारात हिंदी आणि तुमच्या वावरात मराठी, अशा तीन भाषा तो माणूस ओढतो. त्यातल्या तिसरीत त्याचा एक शब्द वाकडा गेला म्हणून नक्कल करायची, आणि तो उलटून काही बोलूही शकत नाही कारण सांजच्याला मजुरी तुमच्याच हातून घ्यायची आहे. तुझी थट्टा होते तेव्हा तू उलट बोलू शकतोस, चहाचा नियम फिरवू शकतोस. त्याच्याकडं ती सोय नाही. हा फरक पोट्ट्यांना सांग, आणि सौम्यपणानं सांगायची गरज नाही. त्यांच्यातलाच एखादा उद्या पुण्या-मुंबईला कामाला जाईल, तिथं त्याच्या 'काहून'वर हसतील, तेव्हा त्याला हे कळेलच. पण तोवर त्या मजुरानं का सोसावं? तुला जमलं तर कोरकूत 'पाणी' आणि 'जेवण' याला काय म्हणतात ते त्या लोकांना विचारून घे आणि पारावर येऊन सांग.

पंचायत समितीतल्या साहेबांचं बोलणं मला खटकलं. आपल्याकडं शुद्धतेचे जे नियम मानले जातात ते शुद्धलेखनाचे आहेत. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली १४ नियम केले, १९७२ मध्ये त्यात ४ ची भर पडली. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, असं ते लिहिण्यापुरतं आहे. कार्यालयात जाणारं पत्र, टिपणी, दाखला तू त्याच नियमांनी लिही, आणि चुका होत असतील तर मन लावून सुधार. ते तुझं काम आहे, त्यात मी सूट देणार नाही. पण फोनवरचं बोलणं हे बोलणं आहे.

आणि 'पाठवून राहिलो' यात चूक काय आहे? 'पाठवतो' म्हटलं तर आज पाठवेल की उद्या, हे साहेबांना कळलं नसतं. 'पाठवून राहिलो' म्हणजे काम या घडीला चालू आहे, बोट बटणावर आहे. वऱ्हाडीला हिंदीचा शेजार आहे, त्यातून ही रचना घट्ट झाली, आणि ती नियमानं चालते. 'ळ'चा 'य' होतो तोही नियमानंच : डोया, शाया, पोया. पूर्वेकडं झाडीपट्टीत जा, तिथं त्याच डोळ्याचा 'डोरा' होतो, तोही सरसकट. ग्रियर्सननं भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिच्या मराठीच्या खंडात, १९०५ सालीच, वऱ्हाडीची नोंद आणि नमुने आहेत. नियम असलेल्या बोलीला अशुद्ध म्हणता येत नाही.

साहेबांशी वाद घाल म्हणून हे सांगत नाही. वाद घातलास तर यादी राहील बाजूला. पुढच्या वेळी एवढंच म्हण : 'सर, यादी आत्ता पाठवत आहे, दोन मिनिटांत मिळेल.' तुझ्या तोंडातून हेही नीट निघतं, पत्र वाचून दिसतंच. कामाच्या फोनवर समोरच्याच्या सवयीचं बोललास म्हणून तुझं काही कमी होत नाही. पण पुन्हा 'शुद्ध बोलायला शिक' असं ऐकवलं तर खाली मान घालू नको. शांतपणे विचार, 'सर, माझं कोणतं वाक्य कळलं नाही?' या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर नसतं.

राहिले पाहुणे. मायची काळजी मला कळते. तिला वाटतं, पोराचं जमता जमता एका 'काहून'वरून राहायला नको. तिला सांग की पुण्याची पोरंही काही पुस्तकासारखी बोलत नाहीत, तिथल्या मुली 'मी जातीये, करतीये' म्हणतात आणि आपल्याला ते कळतं. बैठकीत दोन तास उसनं बोलता येईल, पण लग्न झाल्यावर ती मुलगी ज्या घरात येणार तिथं आबाजी आहेत, माय आहे, पार आहे. तिनं ते पहिल्याच दिवशी ऐकलेलं बरं. दारात 'या न जी, बसा न जी' म्हण. या 'जी'त जो मान आहे तो पुण्याच्या माणसाच्याही कानाला कळतो. बोलताना जरा सावकाश बोल आणि एखादा शब्द त्यांना अडला तर उलगडून सांग, तेवढं पुरे. तिच्या बोलण्यातला एखादा शब्द तुला अडला तर तूही विचार.

तुझ्या पत्रात नाही, पण मला सांगावंसं वाटतं ते वेगळंच आहे. सोयरिकीच्या बैठकीत बोली आड येत नाही, गुळगुळीत बोलणं आड येतं. 'मुलगा शासकीय सेवेत', 'घरची बागायती शेती', 'सर्व सुविधा आहेत', असं कोणी मध्यस्थ तुझ्या वतीनं बोलायला लागला तर तिथंच थांबव. तू मानधनावर आहेस. ते किती आणि महिन्याच्या महिन्याला येतं की नाही, हे आकड्यात सांग. वावर किती एकर, त्यात ओलिताचं किती, सातबाऱ्यावर बोजा किती, तेही सांग. आणि खारपाणपट्ट्याचं नक्की सांग. पुण्यात वाढलेल्या मुलीला माहीत नसतं की विहिरीला पाणी असूनही ते खारं असतं, ना धड प्यायला ना धड ओलिताला. उन्हाळ्यात तुमच्या गावात नळ किती दिवसांआड येतो आणि घरात पाणी कोण भरतं, हे तिला तुझ्या तोंडून कळू दे. मग तिला विचार की लग्नानंतर तिला नोकरी करायची आहे का, दर्यापूरला की अमरावतीला, आणि रोजचं जाणं-येणं तिला झेपेल का. तिचं उत्तर पुरं होईपर्यंत मधे बोलू नको, आणि मायलाही तसं आधीच सांगून ठेव.

तुझी
ताई